तुझ्या खोक्यातल्या स्पेअर ट्यूबा

विलास,

तुला जाऊन पंचवीस दिवस झाले, आणि या पंचवीस दिवसांत मी रडले कमी, जळले जास्त. भेटायला येणाऱ्या बायका एकमेकींच्या कानात कुजबुजतात, "बाई सुन्न झालीय हो." सुन्न कसली! मी तोंड मिटून बसते, कारण उघडलं तर काय बाहेर पडेल याचा मलाच भरवसा नाही. येणारा प्रत्येक जण तुझी एक गोष्ट घेऊन येतो. चहा घेतो, गोष्ट सांगतो, डोळे पुसतो आणि जातो. त्यातल्या एकाही गोष्टीत मी नसते.

गोष्ट तशी एकच असते, माणूस तेवढा बदलतो. कुणाची तरी सायकल कुठल्या तरी चढावर पंक्चर होते, टायरमध्ये करवंदीचा काटा, आसपास चिटपाखरू नाही, आणि मागून तू येतोस. तू उतरतोस, पिशवीतून मोज्यात गुंडाळलेली ट्यूब काढतोस, आणि ती त्याच्याच चाकाची निघते. मग तू उन्हात मांडी घालून बसतोस आणि दहा मिनिटांत माणूस मार्गी लागतो. वनरक्षक बाळूभाऊनं तर सूर्यमाळच्या उतारावरची गोष्ट तीन वेळा सांगितली, आणि तिन्ही वेळा शेवटाला तेच म्हणाला, "वैनी, गुरजी कधी चिडलं नाय. माझी चूक आसली तरी नाय. हसायचं नि म्हणायचं, होतं असं."

मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, कोण? आमचा विलास? कधी चिडला नाही?

कारण माझ्याकडे जो विलास होता तो ट्यूब म्हटलं की ओरडायचा. त्याचा आवाज शेजारच्या तीन घरांना पाठ होता. म्हणजे गोडवा सगळा तालुक्याला वाटलास आणि तिखट तेवढं घरी आणलंस, असा हिशेब मी मांडला आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. हे तुला सांगायला हवं. आणि आणखीही एक गोष्ट सांगायला हवी. खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले आहे, पण ती जरा जड आहे, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते.

लोकांना तू गेलास ते पटत नाही. "सायकलवरून पडले का हो सर?" असं विचारतात. तुझ्या बाबतीत त्यांना तेच शोभून दिसलं असतं. मी सांगते, नाही, घरी गेला, सकाळी, पोह्यांची बशी हातात होती, मी समोर होते. हे सांगताना मला थोडं बरं वाटतं. निदान जायच्या वेळी तरी तू कुणाच्या चाकापाशी बसलेला नव्हतास. त्या एका सकाळी तू पूर्ण माझ्या वाट्याला आलास, आणि नेमकी ती तशी निघाली.

सायकल घरात आली तेव्हा मला वाटलं होतं, महिनाभराचं खूळ आहे. साखरशेतच्या शाळेत जायला तुझ्याकडे चांगली मोटरसायकल होती. पण तुला म्हणे पाऊलवाटेनं पाड्यावर जायचं होतं. कोणतं मूल शाळेत आलं नाही की तू संध्याकाळी त्याच्या घरी सायकल घेऊन जायचास, आणि नागलीच्या खळ्यावर बसून त्याच्या आईशी बोलून यायचास. ते मला आवडायचं, नाही असं नाही. मग रविवार सुरू झाले. आधी तू आणि बाळूभाऊ, मग एक तलाठी, मग दोन शिक्षक, मग वांगणीकडच्या उपकेंद्रातली हेमा सिस्टर. मोबाइलवर ग्रुप निघाला, 'रविवारची चाकं'. सकाळी सहाला जव्हारहून निघायचं, खोडाळ्यापर्यंत जायचं, बाजारात भजी खायची आणि यायचं. तू परत यायचास तेव्हा माझा स्वयंपाक निवून गेलेला असायचा आणि तुझं पोट भजीनं भरलेलं असायचं. रविवार हा आठवड्यातून एकच येतो, हे तुला वीस वर्षं शाळेत शिकवूनही कळलं नाही.

आणि खोकं. दिवाणाखाली मिक्सरचं रिकामं खोकं होतं, त्यात मला जुन्या साड्या ठेवायच्या होत्या. एक दिवस बघते तर त्यात तुझे फाटके मोजे, आणि प्रत्येक मोज्यात एक ट्यूब. कुणाच्या मोज्यात कुणाची ट्यूब हे तुला हात लावून कळायचं. रविवारी कोण येणार हे शनिवारी विचारून घ्यायचास आणि त्या त्या माणसाची ट्यूब पिशवीत भरायचास. बाळूभाऊचं चाक सव्वीसचं, हेमाचं साडेसत्तावीसचं, तुझं एकोणतीसचं. माझ्या ब्लाऊजचं माप तुला आयुष्यात कधी सांगता आलं नाही, पण तालुक्यातल्या सगळ्या चाकांचे आकडे तोंडपाठ.

त्या ट्यूबा आणायच्या मात्र मी. लेक नाशिकला शिकायला गेल्यापासून महिन्याला माझी एक फेरी ठरलेली. लेकीसाठी नागलीचे पापड आणि तांदूळ घेऊन जायची, आणि येताना तुझ्या ट्यूबा. पहिल्या वेळी तू मला चिठ्ठी दिलीस, तिच्यावर नुसतं 'एकोणतीस' लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकोणतीस नाहीये, सातशे नंबरची घ्या, रिमचा घेर तोच, तेच ते." मला काय, आकड्याशी काम. घेऊन आले. तू मोजा सोडावा तशी ती ट्यूब उलगडलीस, टायरच्या शेजारी धरलीस आणि तुझा चेहरा बदलला.

"हा टायर बघ. ही ट्यूब बघ. बापाच्या सदऱ्यात पोर घातलंस तू! बसते म्हणून आणायची असते का? वर्तुळ बरोबर आहे, पण अंगानं किती बारीक आहे बघ. फुगवली की ताणून ताणून पापडासारखी होणार, आणि पहिल्याच काट्याला राम म्हणणार. टायरच्या कडेला दोन आकडे असतात, दुसरा कशाला छापतात, शोभेला?"

"चिठ्ठीवर तू एकच आकडा लिहिलास."

"मग विचारायचं नाही? डोकं काय एसटीत विसरून आलीस?"

मी म्हटलं, एवढं आहे तर जा तूच नाशिकला. त्यानंतर दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू मीठ मागितलंस, म्हणून भांडण मिटलं.

पुढच्या फेरीला मी टायरच्या कडेचे दोन्ही आकडे वहीत उतरवून नेले. दुकानदाराला म्हटलं, रुंदीही जुळली पाहिजे, बाहेरच्या पुठ्ठ्यावर वाचून दाखवा. त्यानं दाखवली. ऐटीत घरी आले. आणि तू ट्यूब उचलून तिचा हवा भरायचा व्हॉल्व बघितलास आणि डोक्याला हात लावलास. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व होता तो. दुकानदारच म्हणाला होता, हा बरा, कुठल्याही पंपावर हवा भरता येते. मला ते पटलंही होतं. तू माझं मनगट धरून मला सायकलपाशी नेलंस आणि रिमच्या ज्या भोकातून व्हॉल्व बाहेर येतो त्यावर माझं बोट ठेवलंस.

"काय लागतं बोटाला?"

"भोक."

"केवढं?"

"बारीक."

"आणि आणलंस काय? मुसळ! सुईच्या नेढ्यातून मुसळ घालतेस?"

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, भोक मोठं पाडून घे, सुताराकडे ड्रिल आहे. विलास, तू त्या दिवशी जेवढा ओरडलास तेवढा लेक बोहाड्याच्या जत्रेत, सोंगांच्या गर्दीत हरवली होती तेव्हाही ओरडला नव्हतास. रिम म्हणजे काय, तिच्यावर भार कसा येतो, उतारावर ती तडकली तर दात कुठे जातात, सगळं सांगितलंस, अंगणात उभं राहून. शेजारची काकू तांदूळ पाखडायची थांबली. मला इतकी लाज वाटली की आत जाऊन मी भांडी घासलेली पुन्हा घासली.

तिसरं भांडण छोटं होतं. माझी पावडर. नवा डबा आठ दिवसांत अर्धा झाला, म्हणून चौकशी केली तर तू ती ट्यूबांना फासत होतास, घडी चिकटू नये म्हणून. मी म्हटलं, मलाही कधी लावत जा असं कौतुकानं. तू लाजलास, आणि मग पाना-पकडीसोबत ट्यूब ठेवली तर घासून घासून भोक कसं पडतं, म्हणून मोजा कसा लागतो, हे सांगत बसलास. रागावलेला नव्हतास तरी आवाज मोठाच होता. तुला माझ्याशी ट्यूबांबद्दल हळू बोलताच यायचं नाही.

चौथ्या वेळी मी आणलेली ट्यूब बरोबर होती. वर्तुळ, रुंदी, बारीक व्हॉल्व, आणि तो पंपाच्या तोंडात यावा इतका लांबही. तू ती हातात फिरवलीस, मोज्यात घातलीस, खोक्यात टाकलीस आणि म्हणालास, "चहा टाकतेस?" झालं. शाब्बास म्हणायला तुझं काय जात होतं? शाळेत पहिलीच्या पोरानं 'क' काढला तरी टाळ्या वाजवून घेतोस म्हणे. हे भांडण मला करायचं राहिलं. मी ते मनात ठेवलं होतं, सवडीनं करू म्हणून, आणि सवड मिळेपर्यंत तू निघून गेलास.

त्यानंतर त्या खोक्यात जी जी ट्यूब पडली ती मी निवडलेली होती. बाळूभाऊची, तलाठ्याची, हेमाची. लोक ज्या गोष्टी सांगतात त्यातली ट्यूब माझ्या हातची असते, आणि आभार तुझे. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. विधवा बाई नवऱ्याच्या श्रेयात वाटा मागते, हे कसं दिसेल?

आता ती जड गोष्ट.

तुझ्या दहाव्याला सगळी रविवारची चाकं आली होती. हेमा मागे थांबली. तू तिला ओळखतोसच, बोलते कमी, बघते जास्त. म्हणाली, "वैनी, सरांची एखादी वस्तू मिळेल का? ठेवायला." तुझ्यामाझ्यात हेमावरून कधी शंकेचं काही नव्हतं, आणि आजही नाही. शंका असती तर सोपं होतं, झिंज्या धरून भांडले असते. मला जाचत होतं ते वेगळंच. ती म्हणाली, "सरांनी मला कधी एकटं वाटू दिलं नाही. लसीचा डबा घेऊन निघाले की सर फोन करायचे, ट्यूब आहे ना पिशवीत?" रोज सकाळी तू फोन करायचास. मी समजायचे, शाळेचं काही असेल. मी जव्हारहून नाशिकला साडेतीन तास एसटीनं एकटी जायचे, तेव्हा मला तुझा फोन यायचा तो दुकानात पोचलीस का एवढं विचारायला.

मी आत गेले. खोकं ओढलं. माझा हात आपोआप तिच्या ट्यूबेवर पडला, साडेसत्तावीस, जाड व्हॉल्व, निळा मोजा. मी तो बाजूला सारला. तुझा करडा मोजा उचलला, एकोणतीसचा, बारीक व्हॉल्वचा, आणि तो तिच्या हातात दिला. म्हटलं, "ही घे. त्यांच्या स्वतःच्या चाकाची आहे."

तिनं ती कपाळाला लावली आणि पिशवीत घातली. आठवण म्हणून घरात जपून ठेवेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण विलास, तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? ती ट्यूब ती सायकलच्या पिशवीतच ठेवणार, वाटेत वापरायला, हे मला दिसत होतं. ती तुझ्या भरवशावर होती, तुझी ट्यूब म्हणजे बसणारच असं समजत होती. एक शब्द बोलायचा होता, 'तुझ्या चाकाला नाही बसणार.' तो मी बोलले नाही. मला वाटलं, एकदा बसू दे हिला पण रस्त्यात. एकदा कळू दे, तू नसलास की कसं असतं.

दहा दिवसांनी बाळूभाऊ सांगत आला. हेमा वांगणीच्या पुढे पाड्यावर निघाली होती, लसीचा डबा घेऊन. मागचं चाक गेलं. तिनं मोजा सोडला, ट्यूब घातली, तर ट्यूब मोठी, टायरमध्ये दुमडून बसली. तरी म्हणाली, चालेल, हवा भरू. तर तिचा पंप जाड व्हॉल्वचा, तो ट्यूबेला धरेचना. पाड्यात एकाकडे मोटरसायकलचा पंप होता, तोही धरेना. "ट्यूब हाय, पंप हाय, पन हवा काय जाय नाय," बाळूभाऊ म्हणाला. "डबा डोक्यावर घेऊन चालत गेली बिचारी. जाईस्तवर बाया पोरांना घेऊन घरी गेल्या. उन्हाचं कोन थांबतं?"

ऐकलं तेव्हा पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. अगदी एक क्षणभरच, पण वाटलं. मग बाळूभाऊ म्हणाला, "आमाला काय ठाव वैनी, कंची ट्यूब कंच्या चाकाची. गुरजी द्यायचे नि आमी घ्यायचो." त्यानं 'रविवारच्या चाकां'साठी ट्यूबा मागितल्या. मी खोकं पुढ्यात ओढलं आणि एकेक मोजा चाचपून त्याला देत गेले, ही तुझी, ही तलाठ्याची, ही मास्तरांची, जरा जुनी झालीय, उन्हाळ्याआधी बदला.

"वैनी, तुमाला कसं कळतं?"

"बघून बघून," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी दिवाणावर बसून राहिले. सगळ्या गोष्टी त्यांच्या, सगळे आभार तुझे, पण एक गोष्ट त्यांच्यापैकी कुणाकडे नव्हती. तू त्यांना ट्यूब द्यायचास, निवडायला मात्र कुणाला शिकवलं नव्हतंस. सायकलच्या सहा वर्षांत कुणालाच नाही. त्यांना 'होतं असं' म्हणून हसायचास. तुला त्यांची काही पडलेली नव्हती असं नाही, पण त्यांना कळावं असा तुझा आग्रह नव्हता. माझ्याबद्दल होता. माझं बोट धरून भोकावर ठेवलंस. मला टायर वाचायला लावलास. तू ओरडत होतास तेव्हा मला शिकवत होतास, आणि हे मला तू गेल्यावर वीस दिवसांनी, दिवाणावर बसून कळलं. मी हसले, मग रडले, आणि मग पुन्हा माझी ती हावरी सवय वर आली. मी ठरवलं, हे कुणाला सांगायचं नाही. ज्याला ट्यूब हवी त्यानं माझ्याकडे यावं. एवढं तरी माझ्या एकटीचं राहू दे.

दोन दिवस मी त्या ऐटीत होते. परवा दुपारी हेमा आली. सायकल ढकलत आली होती, मागचं चाक बसलेलंच. दारात टेकवली, हात धुतले, आणि करडा मोजा माझ्यापुढे ठेवला.

"वैनी, ही सरांची आहे, परत ठेवा. माझंच चुकलं, मी बघून घ्यायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं, ती विचारील, मी नाही म्हणेन, आणि विषय संपेल. ती विचारतच नव्हती. उलट माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन समोर बसली होती. मग मला राहवलं नाही.

"तुझी नाही चूक," मी म्हटलं. "मला ठाऊक होतं. देतानाच ठाऊक होतं, बसणार नाही म्हणून."

शाळेत शिकलेली तिची मराठी एकदम गळून पडली आणि ती घरची बोलली. "मग मना सांगला का नाय?"

मी म्हटलं, "तुला रोज फोन यायचा म्हणून."

तिला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. चहा निवला. मग म्हणाली, "त्या दिवशी सहा पोरं होती. दोन पोरांच्या आया दुसऱ्या दिवशी कामाला भिवंडीला गेल्या. त्यांची लस राहिली." आवाज वाढवला नाही, रडली नाही. नुसतं सांगितलं. तू असतास तर मला अंगणात उभं करून ओरडला असतास, आणि ते मला सोसलं असतं. तिचं ते शांत बोलणं सोसेना.

"त्या परत येतील तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा जाईन. फोन करून ठेवलाय." मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "मला ट्यूब नको वैनी. कशी निवडायची ते शिकवा. सर गेले, उद्या तुम्हीही नाशिकला लेकीकडे गेलात, मग मी कुणाच्या दारात यायचं?"

विलास, मला एक मिनिट लागलं. एकच, पण पुरतं. तुझं म्हणून माझ्याकडे जे काही उरलं होतं ते ती मागत होती आणि तिला ते माहीतही नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मग डोळ्यांपुढे त्या दोन बाया आल्या, पोरं पाठीला बांधून भिवंडीच्या गाडीत चढणाऱ्या. मी उठले आणि खोकं ओटीवर आणून उपडं केलं.

तिला टायरपाशी बसवलं. कडेचे आकडे वाचायला लावले. पहिला वर्तुळाचा, दुसरा रुंदीचा. बोट रिमच्या भोकावर ठेवायला लावलं. जाड का बारीक? तुझा पंप कशाला धरतो? व्हॉल्व रिमच्या बाहेर किती येतो, पंपाच्या तोंडाला पुरतो का? घडी उलगडून बघ, रबर भेगाळलं आहे का? पावडर लाव, मोज्यात घाल, पान्याशेजारी ठेवू नको. तिनं वहीत लिहून घेतलं, नर्स ती, सगळं लिहून घेते. मग मी खोक्यात उरलेल्या सगळ्या ट्यूबा मिसळल्या आणि म्हटलं, आता तुझ्या चाकाची काढ.

तिनं बराच वेळ चाचपून एक उचलली. व्हॉल्व बरोबर होता, वर्तुळही बरोबर होतं. पण रुंदी बघितलीच नव्हती. तिच्या जाड टायरसाठी तिनं अंगानं काटकुळी ट्यूब काढली, आणि मोठ्या विश्वासानं माझ्यापुढे धरली.

आणि माझ्या घशात तू आलास. तुझा तो सगळा आवाज, तुझ्या सगळ्या उपमा, तुझी सगळी आदळआपट एकदम जिभेवर आली. शेजारची काकू ओट्यावर होतीच, तिलाही ऐकू गेलं असतं. मी तोंड उघडलं.

आणि मिटलं. म्हटलं, "होतं असं. दुसरा आकडा पुन्हा वाच."

तिनं वाचला, बरोबर ट्यूब काढली, स्वतः बसवली, स्वतः हवा भरली. संध्याकाळच्या आत ती वांगणीला पोचली. पोचल्यावर तिचा फोन आला, मी पहिल्या रिंगला उचलला. आता ती दुसऱ्यांना शिकवील, ते आणखी कुणाला शिकवतील, माझ्याकडे कुणी येणार नाही. ठीक आहे. तुझा वेळ लोकांनी नेला, तुझे रविवार नेले, तुझं हसणं नेलं, परवा तुझी विद्याही मी माझ्या हातानं देऊन टाकली. पण तू माझ्यावर जे ओरडायचास, ते मी तिला दिलं नाही, विलास. ते कुणालाच देणार नाही.